तुझ्या नावाचा कोरा स्वॅब

नांदेड

प्रिय रेणू,

फोनवर तू माझ्याशी भाऊ नाही, डॉक्टर होऊन बोलतोस, म्हणून चिठ्ठीच लिहिते. पंचशीला सिस्टरला तू घरी बसवलंस म्हणे. गुडघा बदललेल्या तुझ्या तीन पेशंटांच्या जखमा चिघळल्या, औषधं लागू पडेनात, आणि तिच्या नाकात तसलाच हट्टी जंतू सापडला. झालं, तुमच्या दवाखान्याला चोर सापडला! मग तुझी बहीण नांदेडच्या लॅबमध्ये काय भजी तळते का रे?

तुम्ही पेशंटांचे आणि स्टाफचे जे नमुने माझ्याकडे पाठवलेत, त्यांतल्या जंतूंचे मी जनुकीय प्रकार काढले. नाव एकच असलं तरी त्यांची घराणी वेगळी असतात. तिन्ही जखमांतला जंतू एकाच घराण्याचा निघाला, पंचशीलाचा भलत्याच. बिचारीचा काही संबंध नाही. बाकी स्टाफचेही जुळले नाहीत. मग आला कुठून? तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकतेय.

कारण तुझ्या नावाच्या स्वॅबवर, म्हणजे नाकात फिरवायच्या त्या कापसाच्या काडीवर, काहीच उगवलं नाही. काहीच म्हणजे काहीच! अरे, धडधाकट माणसाच्या नाकातसुद्धा साधेसुधे जंतू सुखाने नांदतात. हा स्वॅब पाकिटातून निघाला आणि सरळ नळीत गेला, नाकात गेलाच नाही. डॉक्टरसाहेबांच्या नाकात काडी घालायची हिंमत तुमच्याकडे कुणाची? सरांचा घेतला समजा, म्हणून कुणीतरी मोकळं झालं असेल. की तूच तसं सांगितलंस? मला तुझाच संशय येतोय, स्पष्टच लिहिते.

परवा आपल्या पुनमच्या लग्नात तुझ्या नाकात पुळी होती. लहानपणीही सारखी व्हायची. आई शेकायला बसली की तू बोंबलून गल्ली गोळा करायचास. ऑपरेशनचा मास्क पुळीला टोचतो म्हणून लग्नात कुरकुरत होतास आणि बोलता बोलता त्या पुळीला हात लावून राहिला होतास. तेव्हा मला हसू आलं होतं. अशा पुळीत बहुतेकदा हाच जंतू असतो, म्हणून आता लई भीती वाटतेय.

मंगळवारी आईचा गुडघा तू करणार आहेस. माझा लेकच हात लावणार, असं ती इथे कॉलनीभर सांगून राहिलीय. रेणू, मी तिला पाठवणार नाही. कारण अजून सांगितलेलं नाही, पण तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही. शनिवारी मी लातूरला तुझ्या दवाखान्यात येतेय. तुझा स्वॅब मी स्वतः घेणार, सगळ्या स्टाफसमोर. तेव्हा पंचशीला तिथं हवी, आणि तिला आणायला तू स्वतः तिच्या दारात जायचंस.

तुझीच,
भार्गवीताई