अप्पांचे गाल

गुरुवार, संध्याकाळी, परळ

गिरणी कामगारांच्या फुप्फुसांच्या अभ्यासात आज माझ्याच वडिलांची पाळी. यंत्राच्या नळीत जोरात फुंकायचं, एवढंच. तीनदा झालं, आकडा जवळजवळ शून्य. चौथ्यांदा पडद्याऐवजी अप्पांच्या गालांकडे बघितलं. ते आत जात होते.

“अप्पा, ओढताय काय? फुंका.”

“सवय गं. मागावर धोटा भरताना त्याच्या भोकातून सूत तोंडानेच ओढायचो ना.”

मग फुंकले. वयाच्या मानाने छान आकडा. सुटले एकदाची.

पण गेल्या आठवड्यात लालबागच्या एका विणकराच्या नावापुढे मी असाच शून्याजवळचा आकडा बघून ‘फुप्फुस निकामी’ लिहिलंय. त्याचे गाल कुठे बघितले होते मी? उद्या सकाळी पहिला फोन त्यालाच.