मागची मोठी काच

बाबा, रविवारी फूलबागेत जुन्या गाड्यांचा मेळा होता आणि दादाने तुमची मॉरिस मायनर तिथे नेऊन उभी केली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ती एका दमात सुरू झाली म्हणे. मी सिटी सेंटरच्या माझ्या घरून रिक्षाने गेले, कारण गाडीत मागे दादाची नातवंडं होती आणि पुढे अर्थातच वहिनी.

मला वहिनीचा हेवा वाटतो. साठी ओलांडल्यावर आता हे लिहायला लाज कसली? लग्न होऊन आली तेव्हा तिला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तुम्ही शिकवलंत. दिवे खाली जाळीत असतील तर सगळ्यात पहिली बनावट, मडगार्डवर चढले की नंतरची. पुढची काच मधोमध दुभागलेली असेल तर जुनी, एकसंध असेल तर नंतरची, 'थाउजंड' नावाची बनावट. त्यातही दारामागच्या खांबातून हातासारखा बाहेर येणारा इंडिकेटर असेल तर आधीची. मला हे कुणी शिकवलं नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकून जेवढं आलं तेवढं आलं. मला तुम्ही एकच सांगितलं होतं, की आपली गाडी खालच्या दिव्यांची, अगदी पहिल्या बनावटीची, ग्वाल्हेरात दुसरी नाही. मग पुढची काच एकसंध कशी? तर मूळची आग्र्याच्या रस्त्यावर फुटली म्हणून बदलली. हे मी शाळेत सांगितलं, कॉलेजात सांगितलं, सासरी तर जरा जास्तच सांगितलं.

एक सकाळ मला अजून स्वच्छ दिसते. मी माहेरी आलेय, पोहे परततेय. बाहेर पोर्चमध्ये तुम्ही दोघं गाडी पुसताय. वहिनी मागच्या काचेपाशी थांबते, हळूच काहीतरी विचारते. तुम्ही इतके हसता की चष्मा काढून डोळे पुसावे लागतात. मी झारा हातात घेऊन बाहेर येते. "काय झालं?" "काही नाही गं. पोहे लागतील बघ," तुम्ही म्हणता. पोहे लागलेच होते. माझ्याबरोबर तुम्ही तसे कधी हसला नाहीत, बाबा.

तुम्ही का हसलात ते मला शनिवारी कळलं. दादाकडे गाडीला पॉलिश चाललं होतं आणि मी नातवंडांना पहिल्या बनावटीचं पुराण ऐकवत होते. मुलं पांगल्यावर वहिनी म्हणाली, "वन्सं, उद्या तिथे असं नका बोलू हं. तिथे जानकार लोक येतात."

"असं म्हणजे कसं?"

"पुढची काच फुटली, ठीक आहे. पण मागची पण मोठी आहे ना. जुन्या गाडीत तर ती एवढीशी असते. ही थाउजंडच आहे. आधीच्या मालकाने कुठे ठोकली असेल, मग पत्रा ठोकणाऱ्या डेंटरने जुन्या गाडीचं नाक, दिव्यांसकट, बसवून दिलं."

"बाबांना हे माहीत होतं?"

"मीच तर बोलली होती त्यांना. खूप हसले. म्हणाले, तिला नको सांगू, सगळीकडे मिरवते बिचारी, तिचं मन मोडेल."

बिचारी. तुम्हाला वाटलं असेल, लेकीचं मन जपलं. पण तिच्या वाट्याला खरं आणि माझ्या वाट्याला गोष्ट, ही कसली वाटणी? रडणाऱ्या पोराच्या हातावर बत्तासा ठेवावा तसं मला गप्प बसवलंत, आणि जे खरोखर तुमचं होतं, ते हसणंसुद्धा, तिला देऊन टाकलंत. मी तुमची मुलगी आहे. मोडलं असतं मन तर मोडू द्यायचं होतं.

मेळ्यात परीक्षक म्हणून आलेले गृहस्थ गाडीभोवती दोनदा फिरले. "लाइट तो सबसे पुराने मॉडल की है, पर शीशा?" असं म्हणून त्यांनी वहिनीकडे बघितलं. सगळे तिच्याकडेच बघतात. ती म्हणाली, "दीदी से पूछिए. गाड़ी इनके पिताजी की है." माझ्यासाठी ती त्या जाणकारासमोर खोटंही खपवून घ्यायला तयार होती. तिचा हा चांगुलपणासुद्धा मला सहन झाला नाही.

"थाउजंड है," मी म्हटलं. "बस मुँह पुरानी गाड़ी का है. पीछे का शीशा देखिए."

"वाह. आपको किसने बताया?"

"पिताजी ने," मी म्हटलं. "मैं छोटी थी, तभी बताया था."

वहिनी शेजारीच उभी होती. तिचा चेहरा उतरला. ती फडकं घेऊन पुसलेलंच दार पुन्हा पुसत राहिली. मुलं हाका मारत होती तरी तिने मान वर केली नाही. इतकी वर्षं जे फक्त तुमचं आणि तिचं होतं, ते त्या क्षणी माझं आणि तुमचं झालं होतं, निदान तिच्यापुरतं तरी. आता तिला वाटत असेल की तुम्ही तिच्या आधी मला सांगितलं होतंत, शनिवारी मी काही माहीत नसल्याचं सोंग केलं, आणि तुम्हीही तेव्हा तिच्यासमोर नुसतं हसून दाखवलंत.

हे पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही, म्हणून लिहिते. तिला खरं काय ते सांगायला एक फोन पुरेल. तीन दिवस झाले, मी केलेला नाही. मला बरं वाटतंय, बाबा.