परदेशी डासांना बिस्किटाचा चुरा

मंगळवार, संध्याकाळ

कळलं एकदाचं, परदेशीच आहेत. ड्राय पोर्टवर, म्हणजे आपल्या कंटेनर डेपोत, भंगाराच्या कंटेनरमध्ये साचलेल्या पाण्यातून काढलेल्या अळ्यांचे आज डास झाले, जात आपल्याकडची न्हाई. बरं झालं, कंटेनर तोवर अडवून ठेवला. कीटक तपासनीस म्हणून माझी पहिलीच पकड.

मम्मीला सांगावं का? आम्ही जैन, घरात डास मारलेला चालत न्हाई. माझी नोकरी तिला पापाची वाटते. मंग एवढंच सांगितलं, की ओळख पटायला अळ्या वाढवाव्या लागतात, म्हणून रोज बिस्किटाचा चुरा घालत होते.

“म्हणजे पाळून राह्यली तू त्यांना,” मम्मी खुदकन हसली.

आता त्या कंटेनरात डास मारायची फवारणी होणार, त्याचं बोलायला पाहिजे होतं का? आज न्हाई.

आत्ता पर्स उघडली, तर आत बिस्किटाचा पुडा. मला बिस्किटं आवडत न्हाईत, हे मम्मीला बराबर माहीत आहे.