सशांना मिळते ते औषध

५ जानेवारी १९७८
मी, दत्ताजी रामचंद्र शिंदे, वय ६८, राहणार कोल्हापूर, शिक्षण मराठी चौथी, गूळ बाजारात रंग पाहून प्रत ठरविणारा, लिहून ठेवतो की, आज डॉक्टरांनी डाव्या डोळ्याची आशा सोडण्यास सांगितले. आतील पडद्याचा रक्तपुरवठा अडला व तो मेला. लवकर आणले असते तर प्रयत्न करता आला असता, म्हणाले. उशीर माझ्या मुलाने, चि. वसंताने केला.

८ जानेवारी
बाजारात गेलो. बाळू दलाल म्हणाला, “आबा, आता निम्माच रंग दिसणार की तुमास्नी.” तुझा गूळ काळा आहे हे ओळखण्यास एक डोळा पुरतो, असे त्यास सांगितले. मंडळी हसली. मी नाही.

११ जानेवारी
उजव्यासही तोच धोका. रक्त थांबले तरी पडदा काही काळ तगावा, असे औषध मुंबईस सशांवर आजमावीत आहेत. ते आधीच द्यावे लागते. मी मागितले.
डॉक्टर म्हणाले, “माणसांना अजून देत नाहीत, आबा.”
सशाने कोणत्या गुळाची प्रत ठरविली आहे? घरी येऊन जेवलो नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. वसंताने तिळगूळ पुढे केला. घेतला नाही. त्याने वाटी माझ्याजवळ ठेवली व तो बाजारास गेला, म्हणून अधिकच संताप.

१७ जानेवारी
पुन्हा दवाखाना. औषधासाठी लेखी अर्ज केल्यास मुंबईस पाठवितो, असे डॉक्टरांनी कबूल केले. मात्र दृष्टी किती वाजता गेली, किती वाजता दवाखान्यात आलो, हे खरे लिहावे लागेल. वसंत खाली पाहत होता.

१९ जानेवारी
अर्ज तीनदा फाडला. चौथ्यात लिहिले ते असे : सकाळी नऊ वाजता, सौदा चालू असता, डाव्या डोळ्यापुढे अंधार आला. सौदा पुरा झाल्याविना प्रत ठरविणाऱ्याने उठू नये, अशी आमची रीत. मुलगा दोनदा म्हणाला, “आबा, उठा की. दवाखान्यात जाऊया.” मी त्यास चारचौघांत गाढव म्हणून गप्प बसविले. दीड वाजता उठलो. मुलाचा दोष नाही.
दवाखान्यात हे स्वतः मोठ्याने वाचले. आवाज चढला होता. कोणावर, ते अर्जात विचारलेले नव्हते.
डॉक्टर म्हणाले, पाठवितो, पण नकारच येईल असे धरून चाला.
समक्ष हजर : डॉक्टर, नर्सबाई आणि चि. वसंत. त्याने साक्षीदार म्हणून सही केली. माझ्याकडे पाहिले नाही.