पदराखालचा घास

आई, ज्या प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यताच नाही तो विचारू नये, असं मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवलं. त्यामुळे तू गेल्यापासून तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. आज तो नियम बाजूला ठेवून हे लिहिते आहे, कारण काल दुपारी माझ्या धाकट्या भावानं जे केलं ते तुझ्याखेरीज कोणालाही समजणार नाही.

देवळाली कॅम्पातलं आपलं स्वयंपाकघर. तोफांचा सराव सुरू झाला की मांडणीवरची भांडी किणकिणत आणि धाकटा दात घट्ट मिटून घेई. बोलणं, चालणं त्याला कधी जमलंच नाही. नकार देण्याचं त्याच्याजवळ तेवढंच साधन होतं. तू त्याचं डोकं पदराखाली घ्यायचीस, स्वतःही त्यात वाकायचीस आणि त्या कापडाआड त्याला वरणभात भरवायचीस. पुढे सराव नसलेल्या दिवशीही तो पदराशिवाय तोंड उघडेना. मी नुकती प्राध्यापक झाले होते. तुला म्हटलं, की तू त्याचा सगळा आधार एका माणसापुरता आकसून टाकते आहेस. उद्या तू नसलीस तर हा उपाशी राहील. युक्तिवादात खोट नव्हती. तू उष्टा हात तसाच धरून माझ्याकडे पाहिलंस. "बरं बाई," म्हणालीस, "मी मरायच्या आत त्याला पटवून दे तेवढं."

ते झालं नाही. तू गेलीस आणि त्यानं दात मिटून घेतले. शेवटी मी तुझं सुती पातळ नेसले, पदर त्याच्या नि माझ्या डोक्यावरून ओढला, आणि तो जेवला. तेव्हापासून दोन्ही वेळा हेच. पदराखालच्या मंद उजेडात माझा हात मला अनोळखी वाटतो; भात कालवण्याची ती रीत, ती बाहेर वळलेली करंगळी तुझी आहे. घास घेताना तो पुष्कळदा माझ्या खांद्यामागे पाहतो. मी मागे वळून पाहत नाही.

परगावाहून, परराज्यातून कामासाठी आलेल्या घरांमध्ये अपंग माणसाला कोण सांभाळतं, हा माझ्या अभ्यासाचा विषय. निवृत्तीनंतरही तो सुटलेला नाही. गेल्या आठवड्यात अंबडच्या कारखान्यांमागच्या खोल्यांमध्ये एका बिहारी कामगाराला मी तोच प्रश्न विचारला. त्याची मुलगी मानही धरू शकत नाही. "इसकी माँ," तो म्हणाला. बायको गावीच वारल्याचं त्यानंच थोड्या वेळापूर्वी सांगितलं होतं. प्रश्न त्याला कळला नसावा, असं समजून मी तो पुन्हा विचारला. त्यावर त्यानं खिळ्यावरची तिची ओढणी काढून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि मुलीला भरवायला बसला. तिनं तोंड उघडलं. मग तो म्हणाला, "मॅडम, ये ओढनी फट जायेगी, तब?"

मी उपाय सांगितला: ओढणी आधी डोक्यावरून खांद्यावर आणायची, मग मांडीवर, मग हळूहळू दूर ठेवायची. त्यानं अदबीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपने किसी का छुडाया है?" सोमवारी येऊन सांगते, एवढंच मी म्हटलं.

म्हणून काल पदर जरासा मागे घ्यायचं ठरवून बसले. घास हातात होता. तेवढ्यात सराव सुरू झाला, तावदानं थरथरली, आणि मी बेत सोडून दिला. पण धाकट्यानंच आपला मनगटात आत वळलेला हात वर आणला, फार सावकाश पदर सारला आणि तोंड उघडलं. भर उजेडात, त्या आवाजात, तो सगळा भात जेवला. खांद्यामागे एकदाही पाहिलं नाही. माझ्याकडे पाहत होता. मागे कोणी नाही, हे मला तेव्हा प्रथमच ठामपणे कळलं.

सोमवारी मी त्या बापाला सांगेन की हे सुटतं. ते खरं आहे आणि त्याच्या मुलीसाठी पुरेसं आहे. या पत्राला पत्ता नाही. असता तरी मी ते पाठवलं नसतं, कारण तुला कळू नये अशी एक गोष्ट उरते. आज दुपारी तो पदराशिवायच तोंड उघडून माझी वाट पाहत बसला होता, आणि मी पदर पुन्हा आमच्या दोघांच्या डोक्यावरून ओढला. आत तुझा हात दिसतो.