आठव्या गाण्यातलं दुखणं

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा वाकून (कंबर वाकू देते तितपत) नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? गच्चीतल्या कुंड्या? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, आणि तीच या पत्रातली मुख्य अडचण आहे, पण ते पुढे येईल. तीन वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस हे मी विसरलेले नाही. परंतु पत्र वाचणं म्हणजे काही बोलणं नव्हे, तेव्हा निर्धास्तपणे वाच. तुझ्या घरी जेवणाच्या टेबलावर त्या दिवशी जे झालं त्याबद्दल मी इथे अवाक्षर काढणार नाही. (चूक कोणाची होती हेही काढणार नाही. ते दोघींनाही माहीत आहे.)

बातमी अशी की माझा आल्बम निघतोय. पहिलाच, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. बावीस वर्षं मी हॉटेलच्या लाउंजमध्ये सोल संगीत गातेय, म्हणजे लोक सूप पीत असतात तेव्हा. सोल म्हणजे नेमकं काय असं तू एकदा विचारलं होतंस. तर बाईने पोटातलं दुःख असं गावं की ऐकणाऱ्याने हातातला चमचा खाली ठेवावा. बावीस वर्षांत असे खाली ठेवलेले चमचे मी तीनदा पाहिले, त्यातल्या एकदा तर वीज गेली होती. मग गेल्या महिन्यात एका दुपारी एका रेकॉर्ड कंपनीच्या बाईंनी चमचा ठेवला आणि मला टेबलाशी बोलावून घेतलं. अट एकच, तीन आठवड्यांत आठ गाणी. सात झाली तर आल्बम नाही. मी हो म्हटलं आणि घरी येऊन फ्रीज उघडून उगाचच पाच मिनिटं आत बघत उभी राहिले.

रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाला आम्ही हेडफोन म्हणतो, कारण तो जेवतानाही ते कानावरून काढत नाही. त्याने चार स्टुडिओंत जाऊन टाळ्या वाजवून आवाज किती घुमतो ते पाहिलं आणि चारही ठिकाणी नाक मुरडलं. शेवटी आमचे हे त्याला सहज म्हणून आपल्या गाद्यांच्या दुकानामागच्या गोदामात घेऊन गेले. छतापर्यंत गाद्या. तिथे त्याने टाळी वाजवली, आवाज जागच्या जागी विरला, आणि हेडफोनच्या डोळ्यांत पाणी आलं. झालं, स्टुडिओ ठरला. पण गाद्यांत गाणी रेकॉर्ड करण्यात एक धोका असतो, तो आम्हाला तिसऱ्या गाण्याला कळला. दोन कडव्यांच्या मध्ये ड्रमवाले जरा टेकले ते टेकलेच. त्यांचं घोरणं इतकं तालात होतं की हेडफोनने ते तसंच ठेवलं. (जागेपणी ते थोडे पुढे धावतात, असं आमच्यापैकी कोणीच त्यांना सांगितलेलं नाही.) बेसवाल्यांनी तर दोन गाद्या विकत घेतल्या. ह्यांचं म्हणणं असं की हा हंगाम दुकानाला चांगला गेला.

तर सात गाणी झाली आणि आठव्यापाशी गाडी अडली. ते विरहाचं आहे. एक बाई निघून जाणाऱ्याला म्हणते, "दार लोटून घे, पण कडी लावू नकोस." हेडफोनने एकेचाळीस वेळा गाऊन घेतलं आणि बेचाळिसाव्या वेळी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की मॅडम, तुम्हाला कधी काही झालेलंच नाही का? गळा छान आहे, सूर जागेवर आहे, पण ऐकताना वाटतं, ही बाई घरी जाऊन पोटभर जेवणार. आता मी काय सांगणार? मी जेवतेच ना.

मग सगळं घर मला दुःख द्यायच्या मागे लागलं. ह्यांनी भांडायचं ठरवलं. माझ्या दोषांची यादी करून आणली, चष्मा लावून वाचायला बसले, पहिला दोष "फार जोरात शिंकते" हा वाचला आणि दुसऱ्यावर आल्यावर "हे काही खरं नाही" म्हणून स्वतःच खोडला. नंतर आम्ही चहा घेतला. मग मी एक नंबर लहान बूट घालून गायले. दुःख आलं, पण ते पायातच राहिलं, आणि प्रत्येक ओळ लंगडत बाहेर पडली. सासूबाईंना मात्र मानलं पाहिजे. त्यांना म्हटलं, मला लागेल असं काहीतरी बोला, तर त्या कमरेला पदर खोचून गोदामात आल्या आणि सत्तावीस वर्षांचं साठलेलं अखंड पाऊण तास बोलल्या. मध्ये फक्त पाणी मागितलं. त्यानंतर मी जे गायले ते हेडफोनच्या मते विरहाचं नव्हतं, पोलिसांत तक्रार दिल्यासारखं होतं.

शनिवार शेवटचा दिवस. नवा माल येणार म्हणून सकाळीच गाद्या बाहेर निघायला लागल्या. शेवटची गादी उचलायला मी हात लावला आणि पाठीत अशी उसण भरली की विचारू नकोस. त्याच कळेत माइकपुढे उभी राहिले आणि गायले. एकाच दमात झालं. ड्रमवाले जागे होते आणि रडत होते. सासूबाई बाहेर गेल्या. हेडफोनने पहिल्यांदा हेडफोन काढले (त्याला कान आहेत, बरेच मोठे). तर असा हा माझा आल्बम एका उसणीवर तरला. आता शेकतेय, काळजी नसावी. भावजींना नमस्कार.

तुझी
धाकटी

ता. क. पाठीला काहीही झालेलं नाही. गाद्या गेल्यावर गोदाम रिकामं घुमायला लागलं होतं. मी पहिली ओळ म्हटली आणि समोरच्या कोपऱ्यातून माझा आवाज परत आला, तो हुबेहूब तुझा होता. आई गेल्यावर तू स्वतःचा गाण्याचा क्लास सोडलास आणि मला माझ्या क्लासला पोचवायला लागलीस, हे ठाऊक असून मी त्या दिवशी सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "तुला कोणी गायला बोलावलं नाही म्हणून माझं गाणं तुला खुपतं." चूक माझी होती. वर दोघींना माहीत आहे असं जे लिहिलंय ते मोघम आहे, खोडून टाक.

ता. क. दुसरा. कडीच्या त्या ओळीनंतर गाण्यात एक जागा मोकळी आहे. तिथे दारापलीकडून कोणीतरी उत्तर द्यायचं असतं, "कडी लावलेली नाही," एवढंच. हेडफोनने तीन गायिका आणून पाहिल्या, तिघीही परक्या वाटल्या. बुधवारी अकरा वाजता तो गोदामात आणखी एकदा माइक लावणार आहे, तेवढी मुदत कंपनीने वाढवून दिली आहे. तू आली नाहीस तर ती जागा रिकामीच ठेवू, असं तो म्हणतो. कंपनीच्या बाईंना ते चालणार आहे. मला चालणार नाही.