शितोळे मारला!

२ फेब्रुवारी १९९८

दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाही. माफ कर. पेपर तपासणं, आईचं वर्षश्राद्ध, आळस — सगळी कारणं खरी आणि सगळी पोकळ. आज लिहिते आहे ती संतापाने.

लेकीला, सानवीला आणायला अलकापुरीतल्या स्नूकर पार्लरवर गेले. तळघराच्या जिन्यातच पोरांचा गुजराती गलका ऐकू आला — "जो, जो! शितोळे मार्‍यो!" शितोळे म्हणजे माझे बाबा; त्यांनी बिलियर्ड्स सोडलं तेव्हा ही पोरं जन्मलीही नसतील. तरी चेंडू लांबच्या कडेवर आपटून हळूच परत आला आणि लालला खिशात ढकलून गेला, की तो ‘शितोळे’. मारणारा कोणीही असो. आज मारणारी सानवी होती! तिचं आडनाव पवार. आजोबा कोण हे तिने तिथे सांगितलेलं नाही.

घरी येतो तर बाबांच्या क्लबाचा सेक्रेटरी जनार्दन चहा घेत बसलेला. बाबांच्या नावाने ‘शितोळे चषक’ ठेवताहेत. "मोहनाताई, बक्षीस तमारे हाथे, हां!"

सानवी म्हणाली, "आणि मी खेळणार!"

तो हसला. "बेटा, बिलियर्ड्सच्या खोलीत लेडीजना प्रवेश नाही. जुना नियम आहे."

जुना! मला विचार किती जुना. बाबा शेजारीच बसले होते. बशीतला चहा पीत राहिले.

३ फेब्रुवारी

खंडेराव मार्केट. भाजीवाल्याने लांबून फेकलेलं लिंबू बरोबर पारड्यात पडलं. "शितोळे!" त्याने बिलियर्ड्सचं टेबल जन्मात पाहिलं नसेल.

४ फेब्रुवारी

राग सानवीसाठी की माझ्यासाठी? खरं लिहायचं तर माझ्यासाठी.

रविवारी सकाळी क्लब रिकामा असे. बाबा मला न्यायचे. क्यू कसा धरायचा, श्वास कधी सोडायचा, सगळं त्यांनी शिकवलं. मी बी.एस्सी.ला असताना दारावर पाटी लागली — बायकांना प्रवेश नाही. "कमिटीपुढे माझं काय चालणार, मोहना?" बाबा म्हणाले होते. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मीच त्यांची समजूत काढली. तेव्हापासून त्या कमिटीला शिव्या देत आले आहे. मनातल्या मनात. माझं शौर्य एवढंच.

सानवी आज म्हणाली, "आई, मी नाही खेळले तरी चालेल. पण तू आधी तुझं फुगलेलं तोंड नीट कर."

७ फेब्रुवारी

शाळेतून थेट क्लबात. जनार्दनला नको नको ते बोलले. "आडनाव आमचं वापरता, चषकावर कोरता, आणि त्या घरातली मुलगी आत आली की तुमचा क्लब बाटतो?" बाहेरचे दोघे पत्ते टाकून बघत राहिले. बघू देत.

जनार्दन गोरामोरा. आम्ही दांडिया बाजारात एकाच गल्लीत वाढलो. माझा आवाज इतका चढलेला त्याने कधी ऐकला नव्हता. शेवटी तोही चिडला. "ताई, मला कशाला बोलता? माझे वडील तेव्हा कमिटीत होते. ते नेहमी म्हणायचे, शितोळेकाकांनीच हट्ट धरून हा नियम करवून घेतला! आजही काकांनी हो म्हणावं, उद्या पाटी काढतो. त्यांना विचारा ना!"

म्हातारे लोक काहीही आठवतात, काहीही सांगतात — असं स्वतःला सांगत घरी आले. बाबांना विचारलं नाही. भित्री!

८ फेब्रुवारी

विचारलं. बाबा गॅलरीत संत्रं सोलत होते.

"बाबा, ती पाटी तुम्ही लावायला लावली?"

"जनार्दन बोलला वाटतं."

"लावली का?"

"हो." शिरा काढत राहिले. एकेक, नीट. मग म्हणाले, "त्या रविवारी तू कडेवरून लाल घेतलास. गुण मांडणारा मार्कर ओरडला, शितोळे! व्हरांड्यातले चौघे धावत आले. मी खुर्चीतून उठलो. कोणी माझ्याकडे बघितलंच नाही, मोहना. सगळे तुझ्याकडे."

एकोणीस वर्षांची होते मी, बाबा! राष्ट्रीय विजेते तुम्ही, कपाट ढालींनी भरलेलं, आणि एवढंसं तुम्हाला सोसलं नाही? हे मोठ्याने म्हटलं की नुसतं मनात, आता आठवत नाही. त्यांनी अर्धं संत्रं माझ्यापुढे केलं. घेतलं नाही.

मी आत निघाले तेव्हा पाठीमागून म्हणाले, "सानवीला खेळू दे. जनार्दनला सांगतो मी. तू बक्षीस दे. तुला शोभेल ते."

शोभेल!

९ फेब्रुवारी

पाटी काढली. सानवी नाचते आहे.

उद्या: क्लबात जाऊन चषकाच्या खेळाडूंच्या यादीत तिच्या नावाखाली माझंही नाव घालणे.